‘स्टोचा भडका’: मराठवाड्यातल्या जळीत मृत्यूंची पार्श्वभूमी
जळीत वॉर्डातल्या केसपेपरवर वर्षानुवर्षं एकच कारण पडत आलं: स्वयंपाक करताना स्टोचा भडका. भडके उडत, हे खरंच. पंपाच्या स्टोचं निपल काजळीनं तुंबायचं, पिन मारूनही ज्योत धरली नाही की बाई आणखी हवा भरायची, आणि टाकीचा सांधा कच्चा असला की रॉकेलची चिळकांडी उडून पेट घ्यायची. कुणी जळत्या स्टोतच रॉकेल ओतायचं. त्यात अंगावर नायलॉनची साडी. ती वितळून कातडीला चिकटते, झटकून निघत नाही.

पण स्टो तर सासू, नणंद सगळ्याच पेटवत. मग मरणाऱ्यांत तरुण सुनाच इतक्या का? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २००९ च्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००१ या एका वर्षात देशात १ लाख ६३ हजारांवर माणसं जळून मेली, त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. हे वय लग्नाशी बांधलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४४ च्या आसपास, राज्यात २२. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन आईबाप ऊसतोडीला जाणार, वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून उरकून टाकतात. सासरी तिच्या हातात पैसा नसतो, माहेरी परतायची सोय नसते.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत छळाचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ साली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून संशयास्पद रीतीनं गेली तर चौकशी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा तहसीलदाराकडे, जाते. तरी सगळं अडतं भाजलेल्या बाईच्या जबाबापाशी. दवाखान्यात आणतात सासरचेच, लेकरू सासरीच राहिलेलं. पहिल्या जबाबात ‘स्टो’ येतो. माहेरचे पोचल्यावर दुसरा जबाब वेगळा निघतो, आणि कोर्टात या विसंगतीचा फायदा आरोपीला मिळतो. म्हणून जबाब घेताना नातेवाइकांना बाहेर काढणं, ती शुद्धीवर आहे का हे पाहून वेळेसह लिहिणं, याला सर्वांत जास्त महत्त्व आहे. स्टोच्या भडक्यात बहुधा हात, मांड्या, पोट, छाती भाजते. पाठ भाजलेली, केसांना रॉकेलचा वास आणि स्टो धड असेल, तर पंचनाम्यात ते आलंच पाहिजे.

बाकीचं अंतर मारतं. पन्नास किलोची बाई ४० टक्के भाजली तर ४ मिली × ५० × ४०, म्हणजे पहिल्या २४ तासांत ८ लिटर सलाईन लागतं. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. ग्रामीण रुग्णालयातून ‘पुढं न्या’, मग अंबाजोगाई, लातूर, नांदेड नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. वाटेत शिरेत सुई नसेल तर ते आठ तास वाया जातात. शॉकमधून, म्हणजे अंगातलं पाणी कमी होऊन रक्तदाब कोसळण्यातून, वाचली तरी पुढं जखमेतला जंतुसंसर्ग असतोच. वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धरण्याऐवजी टूथपेस्ट नि शाई फासून आणलेली जखम आधी धुवावी लागते, तो वेळ वेगळाच.

२०१६ ला उज्ज्वला योजना आली, रेशनचं रॉकेल आटलं, स्टो माळ्यावर गेले. ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत, मात्र चूल जमिनीवरच असते आणि लेकरं तिच्याशेजारी झोपतात. तिथं भाजलेलं लेकरू कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेतात, त्यामुळे दवाखान्याची नोंद पश्चिम महाराष्ट्रात होते, बीडच्या दवाखान्यांच्या आकड्यांत ते येत नाही.