गाजर गवताच्या जागेवर तरोटा पेरा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

धुऱ्यावरचं, पांदणीतलं, आखरावरचं गाजर गवत दरवर्षी उपटता, तरी पुढच्या पावसाळ्यात ते तेवढंच उगवतं. उपटल्यावर जागा मोकळी राहते आणि मातीत बी पडलेलंच असतं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. वारा, पाणी, ट्रॅक्टरची चाकं ते बी पुढच्या शिवारात नेतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे झाड असंच आपल्या गावापर्यंत पोचलं. म्हणून मोकळी जागा दुसऱ्या झाडानं आधी धरली पाहिजे, आणि त्यासाठी आपला तरोटा, म्हणजे टाकळा, उत्तम.

पहिल्या सरींनंतर ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण खातो, तोच हा. तो दाट उगवतो, भराभर वाढतो आणि गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. वाढलेल्या तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे आखरावरही तो टिकतो.

बी एप्रिल-मे मध्ये, रोहिणी लागायच्या आत फेकून ठेवा. हात आखडू नका, रोपं एकमेकांना भिडली पाहिजेत. पाऊस सुरू झाल्यावरच जमत असेल तर बी आधी जाड वाळूत घासून घ्या. त्याचं कवच कडक असतं. गाजर गवत कमरेएवढं झाल्यावर त्यात बी फेकलं तर ते वायाच जातं.

आम्ही हे बी विकतो, तरी स्पष्ट सांगतो: पिकाच्या वावरात ते टाकू नका. सोयाबीनमध्ये तरोटा हेही एक मोठं तण आहे. धुऱ्यावर टाकला असेल तर वावराकडे सरकलेली रोपं डवरणीच्या वेळी काढा. दुसरी काळजी कासविंद्याची. त्याच्या बिया लेकरांना आणि गुरांना विषारी असतात, आणि तो दिसतो तरोट्यासारखाच. तरोट्याच्या पानाला बोथट पानोळ्यांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याला चार-पाच, टोकदार. बी कुठूनही घ्या, पण हे बघून घ्या.

एका हंगामात गाजर गवत संपणार नाही. तरोटा हिवाळ्यात वाळतो, मग ओल असेल तिथे ते पुन्हा डोकं काढतं. ती रोपं फुलण्याआधी उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. या झाडानं अंगाला खाज सुटते, काहींना दमाही लागतो. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पांढुरके, तपकिरी रेघांचे भुंगे दिसले तर तिथे फवारणी करू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगळुरूत याच कामासाठी सोडले होते, आणि ते गाजर गवताचा पाला फस्त करतात.

बी आमच्याकडून दरवर्षी घ्यायची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास शेंगा तपकिरी झाल्या की त्या तडकण्याआधी तोडा, वाळवून झोडपा आणि कोरड्या पोत्यात ठेवा. थोड्या शेंगा मात्र झाडावरच राहू द्या.