पोटाचा पट्टा वेगळा, कमरेचा वेगळा

अंबाजोगाई, बीड, लातूर, कुठल्याही सरकारी दवाखान्यासमोरच्या मेडिकलवर उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच: "दादा, पट्टा द्या, डॉक्टरांनी सांगितलाय." सिझेरियन झालेल्या सुनेसाठी सासू मागते तोही पट्टा, आणि ट्रॅक्टरवर बसून बसून कंबर धरलेला शेतकरी मागतो तोही पट्टाच. दोन्ही बदामी नाहीतर काळे, दोन्ही रुंद, दोन्हींना पुढून वेल्क्रो. चिठ्ठीवर नुसतं 'बेल्ट' लिहिलेलं असलं की हातात काय पडेल ते फळीवर काय शिल्लक आहे त्यावर ठरतं. मी हे पट्टे मापानं शिवते. दुरुस्तीला येतात त्यांतले कितीतरी मुळात बिघडलेलेच नसतात, ते चुकीच्या कामाला लावलेले असतात. म्हणून दुकानदारानं आधी विचारावं, आणि त्यानं नाही विचारलं तर आपण सांगावं: पोटाचा हवा की कमरेचा?

पोटाच्या पट्ट्याला डॉक्टर बाइंडर म्हणतात. सिझेरियन, गर्भपिशवीचं ऑपरेशन, आतड्याचं ऑपरेशन, म्हणजे पोटाची भिंत जिथं कापून शिवली आहे, तिथं तो लागतो. खोकला आला, उठून बसायचं झालं, शिंक आली की टाक्यांवर आतून धक्का बसतो. बाहेरून सगळीकडून हलका दाब असला तर तो धक्का सोसवतो, दुखणं कमी जाणवतं, बाई लवकर उठून चालायला लागते. एवढंच त्याचं काम. त्यासाठी तो मऊ हवा, ताणणारा हवा, आणि श्वासाबरोबर मागेपुढे व्हायला हवा.

कमरेचा पट्टा, चिठ्ठीवरचा एलएस बेल्ट, दाबण्यासाठी नसतो. तो वाकणं अडवतो. त्याच्या पाठीकडच्या भागात दोन ते चार सळ्या असतात, पोलादी नाहीतर प्लास्टिकच्या, आणि त्या कमरेच्या खोलगट भागाला बसतील अशा किंचित वाकवलेल्या असतात. वाकायला गेलं की सळी टोचून आठवण करून देते. पुढचा भाग घट्ट ओढला की पोटातला दाब वाढून कण्याला थोडा आधार मिळतो असंही म्हणतात, पण त्याचा प्रत्यक्ष फायदा किती याबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही.

दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. पट्टा उलटा धरा आणि मधल्या भागावरून अंगठा दाबून फिरवा. सळी लागली तर तो कमरेचा. आडव्या तीन-चार पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या दिसल्या आणि कुठंच कडक काही लागलं नाही तर तो पोटाचा.

आता शिवणाऱ्यासाठी खरा मुद्दा: दाब कशानं तयार होतो? कापड ओढलं की दाब येतो हे सगळ्यांना कळतं. पण तेवढीच ओढ बारीक अंगावर जास्त दाबते आणि भरल्या अंगावर कमी, हे फार कमी जणांना माहीत असतं. भौतिकशास्त्रातला लाप्लासचा नियम तो हाच: दाब म्हणजे कापडाच्या रुंदीमागची ओढ भागिले अंगाच्या वळणाची त्रिज्या. आकड्यात बघू. २३ सेंटिमीटर रुंद पट्टा ४ किलोच्या ओढीनं बांधला. घेर ९० सेंटिमीटर असेल तर अंगावर साधारण ९ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब येतो. तोच पट्टा, तीच ओढ, पण घेर ७० असेल तर दाब ११-१२ च्या घरात जातो. म्हणून सडपातळ पोरीला "सगळ्यांना बांधते तसाच बांधला" म्हणून चालत नाही. तिला तो जास्तच आवळतो.

हाच नियम एकाच अंगावरही लागू होतो. आपलं धड काही गोल नळकांडं नाही, ते समोरून चपटं आणि बाजूंना वळलेलं आहे. चपट्या भागाची त्रिज्या मोठी, म्हणून तिथं दाब कमी. बाजूंना, विशेषतः कंबरेच्या हाडावर, वळण आखूड, म्हणून तिथं दाब जास्त. बाळंतीण पट्टा सोडते तेव्हा लाल वळ दिसतात ते हाडांवर, आणि ज्या जागेला आधार हवा होता तिथं मात्र कापड नुसतं टेकलेलं असतं. पट्टा आणखी आवळून हे सुटत नाही, वळ तेवढे वाढतात. पुढच्या भागात आतून मऊ सुती गादी दिली की समोरचं वळण गोलसर होतं आणि दाब हवा तिथं पोचतो. ओल्या जखमेवर मात्र ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गादी ठेवू नये.

माप कमी करताना होणारी चूक इथंच सांगते, कारण ब्लाउज शिवण्यात तरबेज असलेली बाईसुद्धा इथं फसते. ताणणारं कापड अंगापेक्षा लहान कापतात, समजा पाचव्या हिश्श्याची ताण द्यायची आहे. घेर ९०. कुणी सरळ ९० मधून १८ वजा करून ७२ चा पट्टा शिवते. पण त्या ९० मधलं सगळं काही ताणत नाही. पाठीचा मधला भाग ३० सेंटिमीटर, वेल्क्रोचा पुढचा भाग २०, हे दोन्ही ताणत नाहीत. ताणणारे राहतात ते बाजूचे ४० सेंटिमीटर. ते कापायचे ३३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ताणून ४० होतील. सगळे १८ तिथूनच कमी केले तर इलॅस्टिक उरतं २२ आणि त्याला ताणून ४० करावं लागतं, जवळजवळ दुप्पट. असा पट्टा घालवत नाही, आणि घातलाच तर पंधरा दिवसांत इलॅस्टिक मरतं. वजाबाकी फक्त ताणणाऱ्या भागातून करायची.

इलॅस्टिकही बघून घ्यावं. विणकरी पद्धतीनं उभ्याआडव्या धाग्यांचं रुंद इलॅस्टिक ताणलं तरी रुंदीला आकसत नाही. वेणीसारखं गुंफलेलं ताणलं की अरुंद होतं. ते बाहीला ठीक, पट्ट्याला नाही. टीप झिगझॅग मारायची. सरळ टीप पहिल्या खोकल्याला तुटते.

आपल्याकडच्या बायका पट्टा कशावर घालतात याचा विचार कंपनीच्या पट्ट्यात नसतो, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. परकराची नाडी बरोबर पट्ट्याच्या खालच्या काठावर येते. पट्ट्याचा दाब आणि नाडीचा दाब एकाच रेषेत पडला की तिथं काचतं, आणि सिझेरियनचा छेद त्याच्याच जवळ असतो. म्हणून पट्टा छेदाच्याही खाली, पार मांडीच्या सुरुवातीपर्यंत यायला हवा, म्हणजे काठ जखमेवर घासत नाही. आणि नाडी ढिली करून पट्ट्याच्या वरून बांधायची, नाहीतर त्या दिवसांत गाऊन घालायचा. वेल्क्रोची काटेरी बाजू उघडी राहिली तर ती साडीचे धागे ओढते. मी काटेरी तुकडा मऊ तुकड्यापेक्षा सगळीकडून बोटभर लहान ठेवते, म्हणजे बंद केल्यावर तो पूर्ण झाकला जातो.

दुसरी अडचण बसण्याची. मांडी घालून जेवायला बसणं, भांडी घासायला उकिडवं बसणं, देशी संडास. उकिडवं बसलं की मांडी पोटाला लागते आणि पट्ट्याचा पुढचा काठ जांघेत रुततो. म्हणून जांघेच्या दोन्ही जागी काठ किंचित वर वळवून कापायचा आणि त्याला मऊ सुती गोट लावायचा. कमरेच्या पट्ट्यात हीच अडचण मागच्या बाजूला येते: सळी लांब असली तर बसल्यावर तिचं खालचं टोक माकडहाडाला आणि वरचं फासळीला टोचतं. खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाला चालणारी सळी जमिनीवर बसणाऱ्या बाईला चालत नाही. पट्टा घेताना दुकानातच एकदा खाली बसून बघावं. लाजायचं काही कारण नाही.

पट्टा वर सरकून त्याची वळकटी होते ही तक्रार दोन्हींची. नितंब रुंद, कंबर अरुंद. सरळ आयताकृती कापड रुंद जागेवरून अरुंद जागेकडे सरकणारच. पोटाच्या पट्ट्यात खालच्या काठाला दोन्ही बाजूंनी कळ्या (तिकोनी तुकडे) घातल्या की तो बसून राहतो. आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या ओढता येणारा पट्टाही चांगला, खालची ढिली आणि मधली घट्ट ठेवता येते. कमरेच्या पट्ट्याला सळ्यांमुळे वळकटी कमी होते, पण तो वर चढून फासळ्यांवर बसला तर काहीच उपयोग नाही. त्याचा खालचा काठ कंबरेच्या हाडाखाली हवा.

घालायची रीतही उलट. पोटाचा पट्टा निजून घालायचा, माप पण निजवूनच घ्यायचं, कारण उभं राहिलं की पोट पुढं खाली येतं आणि पट्टा त्याला वर उचलण्याऐवजी आहे तिथंच आवळतो. पट्टा आधी बाजेवर पसरायचा, बाईनं कुशीवर वळून त्यावर निजायचं, आणि मग खालून वर बंद करत यायचं. बंद केल्यावर दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे. कमरेचा पट्टा उभं राहून, श्वास सोडून घालायचा; आधी पुढचा मोठा पदर लावायचा आणि मग बाजूच्या दोन ओढायच्या पट्ट्या एकदम पुढं घेऊन चिकटवायच्या.

आपल्या आज्या बाळंतिणीचं पोट जुन्या सुती लुगड्यानं बांधायच्या. ती कल्पना चुकीची नव्हती. कापड मऊ, घाम शोषणारं, हवं तेव्हा सोडता येणारं. उणीव एकच, सुती कापड ताणत नाही, त्यामुळं उभ्यानं ढिलं आणि बसल्यावर आवळलेलं. पण लुगडं असो की बाइंडर, त्यानं पोटाची चरबी जात नाही. "पट्टा घातला नाही तर पोट सुटेल" असं सांगून घरातल्या बायका बाळंतिणीला दिवसरात्र आवळून ठेवतात, ते थांबवायला हवं. फार आवळलं की दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो, आणि बाळंतपणानं ते आधीच सैल झालेले असतात. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाईनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटाचा पट्टा घालूच नये.

दुसरा गैरसमज मला जास्त लागतो: कडक पट्टा बांधला की ओझं उचलता येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या सरकारी पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर हा प्रश्न आला तेव्हा हे आकडे बाहेर पडले. पोटावरून पिशवीचं ऑपरेशन झाल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलू नये असं सांगतात. पण उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, कोयता (नवरा-बायकोच्या जोडीचा करार) बांधलेला, आणि ऊसतोडीचा मुकादम काही थांबत नाही. मग बाई म्हणते, "मोळी उचलायची हाय, चांगला कडक पट्टा द्या." हिला दोन्ही पट्टे उपयोगाचे नाहीत. पोटाचा पट्टा टाके सांभाळतो तो खोकल्यापासून, उसाच्या मोळीपासून नाही. आणि कमरेच्या पट्ट्यानं ओझं उचलणाऱ्याची पाठ वाचते हे सिद्ध झालेलंच नाही. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच सांगितलं होतं की धडधाकट कामगारांची पाठ पट्ट्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही. पुढे ३० राज्यांतल्या दुकानांत माल हलवणाऱ्या नऊ हजारांहून जास्त कामगारांचा तिनं अभ्यास केला, तो २००० मध्ये छापून आला, आणि त्यातही पट्टा वापरणाऱ्यांची पाठदुखी कमी दिसली नाही. इंग्लंडमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना तर कंबरदुखीवर पट्टा देऊच नका म्हणतात. मी इतकी टोकाला जात नाही. उसण भरलेल्या माणसाला चार-आठ दिवस उठबस करताना पट्ट्यानं धीर येतो, हे मी बघते. पण पट्टा बांधून ओझं वाढवायचं, हे मी कुणालाच सांगणार नाही, आणि अशा बाईला पट्टा विकतही नाही.

उतारवयात पडून मणक्याला फ्रॅक्चर झालं असेल तर हे दोन्ही पट्टे बाजूला ठेवा. तिथं खांद्यापर्यंत जाणारा टेलर ब्रेस किंवा डॉक्टर सांगतील तो लागतो. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं असं काही असेल तर पट्ट्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि नायलॉनच्या पट्ट्याखाली दोन दिवसांत घामोळ्या येतात. आतून पातळ सुती अस्तर किंवा खाली जुनी बनियन हवी, आणि शक्य असेल तर दोन पट्टे, एक धुण्यात एक अंगावर. धुताना आधी वेल्क्रो बंद करायचं, नाहीतर काट्यांत धागे नि केस भरतात आणि पकड जाते. गार पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, आणि वाळत घालायचं सावलीत. गच्चीवरच्या उन्हात आठवडाभर वाळवलेल्या पट्ट्यातलं रबर ताणलं की करकरतं. पट्टा ओढून सोडल्यावर तो आपल्या मूळ मापावर परत येत नसेल, तर वेल्क्रो कितीही नवं लावलं तरी तो टाकून द्यायचा.