मुंबईच्या गिरण्या इंग्रजांनी काढल्या? नाही हो

गणपतीला गावी गेलं की ओटीवर कोणीतरी म्हणतंच, "साहेबाने गिरण्या काढल्या नि कोकण ओस पडलं." यातलं पहिलं साफ चूक आहे आणि दुसरं अर्धवट.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने १८५४ ला काढली, १८५६ ला ताडदेवला ती सुरू झाली. मशिनरी विलायती, पण पुढच्या गिरण्यांमध्येही बराचसा पैसा इथल्याच पारशी, गुजराती, भाटिया शेठांचा. उलट इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरणीवाल्यांना ही स्पर्धा खुपत होती, आणि १८९६ ला सरकारने इथल्याच गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला.

आता कोकण. रत्नागिरीकडून बोटीने गेलेला माणूस गाव सोडून गेलाच नव्हता. जमीन खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, भात वर्षभर पुरायचं नाही, म्हणून गिरणी. तिकडे एका खोलीत गावचे दहा-वीस जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत, आणि इकडे शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायांनी ओढलं, हे कोणी सांगतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. आमच्या आजीने मनीऑर्डरची कुपनं तारेला ओवून माजघरात टांगलेली, प्रत्येकामागे दोन ओळी, "वाण्याचे आधी दे, उरले तर कौलं घे." १९८२ च्या गिरणी संपात कितीतरी कामगार गावीच परतले, कारण घर तिथेच होतं.