सॉफ्टवेअर आलं म्हणजे गेम आर्ट आलं? नाही!

ॲडमिशनच्या वेळी वर्षानुवर्षं एकच ऐकू येतं, माया नि झीब्रश ही थ्रीडी मॉडेल बनवायची सॉफ्टवेअर आली की झालात गेम आर्टिस्ट, आणि बरेच कोर्सही तसेच आखलेत, एका सेमिस्टरला एक सॉफ्टवेअर. हे खरं नाहीये. ब्लेंडर हे तसलंच सॉफ्टवेअर तर २००२ पासून ओपन सोर्स आहे, फुकट आहे, बटणं कुठली दाबायची ते घरी बसूनही शिकता येतं. अवघड भाग वेगळाच आहे. गेम ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवत, चालवायचा तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, मग लाखो पॉलिगॉनचं (पृष्ठभागाच्या बारीक तुकड्यांचं) स्कल्प्ट, म्हणजे मूर्तीसारखं घडवलेलं मॉडेल, तसंच टाकलं तर साध्या फोनवर कसं चालणार? म्हणून रिटोपॉलॉजी करून, म्हणजे कमी पॉलिगॉनमध्ये पुन्हा बांधून, मॉडेल हलकं करायचं, यूव्ही (रंग-टेक्स्चर चढवायला सपाट पसरलेला मॉडेलचा पृष्ठभाग) नीट उलगडायचे, बारकावे नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उठाव भासवणाऱ्या चित्रात, बेक करायचे (उतरवायचे), आणि मग ते गेमच्या लाइटमध्ये कसं दिसतं ते बघायचं. पोरं इथेच अडकतात, कारण असाइनमेंट सुंदर रेंडरवरच, म्हणजे मॉडेलच्या तयार चित्रावरच, संपते! आणि ड्रॉइंग, ॲनाटॉमी हा खरा पाया, तोच मागे पडतो याचं फार वाईट वाटतं. कॉलेजांनी निदान एवढं करावं, नुसत्या रेंडरला मार्क न देता युनिटी किंवा अनरियलसारख्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट चालणाऱ्या मॉडेलला द्यावेत, आणि प्रोग्रामिंगच्या पोरांसोबत एक छोटासा गेम पूर्ण करून घ्यावा.