जोडी की नुसता शेजार?

दोन महाकाय कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असावीत, हे आधी कागदावर आले. १९८० साली बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला: दोन दीर्घिका मिसळल्या की त्यांची कृष्णविवरे ताऱ्यांच्या गर्दीत वेग गमावत गाभ्याकडे बुडतात आणि जोडीने फिरू लागतात. दीर्घिकासमूहाच्या मधली सर्वांत मोठी दीर्घिका तर शेजारणींना गिळूनच फुगलेली असते. जोड्या शोधायच्या तर तिथेच.

१९८५मध्ये ओवेन आणि सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणींनी आबेल ४०० या समूहातला ‘थ्रीसी ७५’ हा स्रोत बारकाईने पाहिला. दोन गाभे, प्रत्येकातल्या कृष्णविवरापासून निघणारे झोत. पण आकाशात शेजारी दिसणारे खरेच शेजारी असतात असे नाही. एक पुढे, दुसरा कितीतरी मागे असू शकतो. उत्तर मिळाले समूहात भरलेल्या तप्त वायूतून. २००६मध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसले, की दोघांचे झोत एकाच बाजूला वाकलेत, म्हणजे दोघे एकाच वाऱ्यातून एकत्र चाललेत. हा पुरावा मला सगळ्यांत देखणा वाटतो. मात्र दोघांतले अंतर सुमारे २५,००० प्रकाशवर्षे. याला संसार म्हणण्यापेक्षा वाङ्‌निश्चय म्हणावे.

खरी अडचण पुढे आहे. जवळ येताना जोडी आसपासचे तारे गोफणीतल्या दगडासारखे भिरकावते आणि त्यातून आपली कक्षा आवळते. तारे संपले की साधारण एका पार्सेकपाशी, सव्वातीन प्रकाशवर्षांवर, घोडे अडते. त्याआधीही अडू शकते. २००६मध्येच एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेत, ०४०२+३७९मध्ये, फक्त २४ प्रकाशवर्षांवरची जोडी सापडली. तिची एक फेरी सुमारे ३०,००० वर्षांची. २०२४मध्ये तिचे एकत्रित वस्तुमान २८ अब्ज सूर्यांइतके निघाले. एका अख्ख्या समूहातल्या दीर्घिका एकीत विरघळून हे धूड बनले असावे. भिरकवायला पुरेसे तारे न उरल्याने जोडी गेली तीनेक अब्ज वर्षे तिथेच रखडली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

सगळ्याच जोड्या रखडत नसाव्यात. जून २०२३मध्ये अनेक देशांच्या गटांनी पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाश ताणत-आकसत जाणाऱ्या तरंगांच्या, पार्श्वनादाचा पुरावा जाहीर केला. त्यामागे अशाच असंख्य जोड्या असण्याची शक्यता सर्वांत जास्त मानली जाते. पण त्यातली एकही अजून वेगळी ऐकू आलेली नाही.