टोड इन द होल: सॉसेजभोवतीचं पीठ फुगतं कसं आणि बसतं का

ट्रे ओव्हनमधून काढला तर पीठ फुगलेलंच नव्हतं, सॉसेजेस एका जाड रबरी पोळीत रुतून बसलेली, ही मी केलेली पहिली टोड इन द होल. इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. अंडी, दूध, मैदा सगळं मापात घेतलं होतं, ओव्हनही सांगितला तेवढा तापवला होता, मग चुकलं काय ते शोधत बसले आणि जे कळलं ते मला इतकं आवडलं की आता ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्या प्रत्येकाला मी हे सांगत असते.

आधी पदार्थ काय ते सांगते. नावाचा अर्थ बिळातला बेडूक, पण बेडकाचा यात काही संबंध नाही. यॉर्कशायर पुडिंगचं पातळ पीठ असतं ना, अंडी दूध मैदा मीठ बस एवढंच, ते गरम चरबीत भाजत असलेल्या सॉसेजेसवर ओतायचं आणि ओव्हनमधे फुगवायचं, वर कांद्याची ग्रेव्ही, बाजूला मटार. हे पीठ आपल्या आंबोळीच्या पिठापेक्षा पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा थोडं दाट. पूर्वी मांस चुलीसमोर सळईवर भाजायचे तेव्हा खाली गळणारी चरबी वाया जाऊ नये म्हणून तिच्याखाली पिठाचं भांडं ठेवायचे, तिथून हे पुडिंग आलं, आणि यॉर्कशायर या उत्तर इंग्लंडमधल्या भागात ते मांसाच्या आधी ग्रेव्हीबरोबर वाढायचे म्हणजे पोट भरतं आणि महागडं मांस कमी लागतं. हॅना ग्लास या इंग्लिश लेखिकेच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात याच जातीचा एक पदार्थ आहे, पण त्यात बिळात कबुतरं आहेत! तशाच मिसेस बीटन या लेखिकेच्या १८६१ च्या पुस्तकात टोड इन द होल आहे तर त्यात बीफ आणि किडनी. म्हणजे घरात मांसाचा जो तुकडा असेल तो पिठात घालून पुरवठ्याला आणायचा असा हा काटकसरीचा पदार्थ, सॉसेजच पाहिजे हे मागाहून ठरलं.

आता मुद्द्याचं. या पिठात यीस्ट नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, तरी ते दोन-तीन इंच वर येतं. का? वाफ. टम्म फुगलेली पुरी ज्या कारणाने फुगते तेच कारण. पण वाफ म्हटलं की आपल्याला वाटतं पाणी जास्त तर वाफ जास्त आणि पीठ जास्त फुगणार, तसं अजिबात नाही, हिशोबच करून बघा. ४ अंडी आणि २०० मिली दूध घेतलं तर त्यात सगळं मिळून साधारण ३२५ मिली पाणी असतं. १ मिली पाण्याची १०० डिग्रीला जवळपास १.७ लिटर वाफ होते. म्हणजे सगळ्या पाण्याची वाफ झाली तर पाचशे लिटरच्या वर जाईल, आणि आपल्याला पीठ फुगवायला फार तर दोन लिटर वाफ लागते, म्हणजे सव्वा मिली पाणी, चहाच्या चमच्याचा पाव भाग! पाणी कधीच कमी पडत नाही. कमी पडते ती वाफ धरून ठेवणारी पिशवी.

ही पिशवी दोन गोष्टींची बनते. मैद्यातलं ग्लूटेन म्हणजे चिवट प्रोटीन ताणलं जातं, आणि अंड्यातली प्रोटीन तापली की घट्ट होतात. आता इथे खरी गंमत आहे. अंड्याची प्रोटीन घट्ट व्हायला लागतात ६० ते ८० डिग्रीच्या दरम्यान, मैद्यातला स्टार्चही साधारण त्याच सुमाराला पाणी पिऊन फुगतो आणि पीठ जाड होतं, पण पाणी उकळतं १०० ला. म्हणजे पीठ जर हळूहळू सगळीकडून सारखं तापलं तर वाफ जोरात तयार व्हायच्या आधीच सगळं घट्ट होऊन जाणार, आणि घट्ट झालेलं पीठ ताणत नाही, त्याचं जाड कस्टर्डसारखं काहीतरी होतं. माझ्या पहिल्या ट्रेमधे नेमकं हेच झालं होतं. मी काचेचा ट्रे घेतला होता, तेल नुसतं कोमट होतं, वरून गार पीठ ओतलं.

याच्या उलट तेल २०० डिग्रीच्या पुढे तापलेलं असेल तर पीठ पडल्या पडल्या तळाचा आणि कडेचा थर क्षणात शिजतो, तिथलं पाणी लगेच वाफ होतं, आणि मधलं पीठ अजून पातळ असतं, ताणायला तयार असतं, खालची वाफ त्याला उचलते. घट्ट होणं आणि वाफ होणं यांची ही शर्यत आहे आणि वाफेने ती सुरुवातीच्या काही मिनिटांतच जिंकायला हवी. बिडाचा तवा नीट तापलेला नसेल तर घावन चिकटतं आणि जाळी पडत नाही हे आपल्या आयांना सांगावं लागत नाही, इथे तेच आहे फक्त ट्रे तव्याच्या जागी.

म्हणून ट्रे धातूचाच घ्या, ॲल्युमिनियम किंवा स्टील, काच आणि चिनीमाती उष्णता फार हळू पुढे देतात. तेल सूर्यफुलाचं किंवा इथे व्हेजिटेबल ऑइल म्हणून मिळतं ते, किंवा ज्यांना चालते त्यांनी बीफची चरबी, इथले जुने लोक हीच वापरतात. बटर नको, त्यातला दुधाचा भाग एवढ्या उष्णतेला जळतो आणि कडू होतो.

सॉसेजेसचं काय? ब्रिटिश सॉसेजमधे मांसाबरोबर रस्क म्हणजे वाळवलेल्या ब्रेडसारखा चुरा घालतात, तो पाणी आणि चरबी धरून ठेवतो. इथे पोर्क सॉसेज या नावाने विकायचं तर किमान ४२ टक्के पोर्क असावं लागतं, चांगल्या बुचरकडे त्याहून खूप जास्त मिळतं आणि मी तेच घेते कारण कमी मांसाच्या सॉसेजमधून पाणी सुटतं आणि त्याच्याखालचं पीठ ओलं राहतं. सॉसेजेस आधी एकटीच तेलात १५ मिनिटं भाजायची, २२० डिग्रीला, फॅनचा ओव्हन असेल तर २०० ला. टोचायची नाहीत, रस निघून जातो. ती बाहेरून तपकिरी होतात ती मायार रिॲक्शनमुळे, १९१२ मधे लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेली, प्रोटीनचे घटक आणि साखर तापून शेकडो नवे वास तयार होतात ती, आपल्या भाकरीच्या डागांतही तीच आहे. आधी भाजून घेतली नाहीत तर पिठात बुडालेला भाग तसाच पांढरा राहतो, तिथे ओलावा असतो आणि ओलावा असेपर्यंत तापमान १०० च्या वर जात नाही, रंग यायला त्याहून बरंच जास्त लागतं. आणि सॉसेजेसमधे दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवा, मी सुरुवातीला ट्रे गच्च भरायचे, त्याने पीठ वर यायला जागाच उरत नाही.

पिठाचं माप मी वजनाने करत नाही. अंडी कपात फोडायची, जेवढी भरतील तेवढंच दूध, तेवढाच मैदा, चिमूट मीठ, फेटायचं आणि अर्धा तास तरी ठेवून द्यायचं. या वेळात मैद्याचे कण पाणी पितात, गुठळ्या मऊ होतात, आणि फेटताना ताणलेलं ग्लूटेन सैलावतं. कुरकुरीत आवडत असेल तर थोड्या दुधाच्या जागी पाणी घाला, कारण दुधातली चरबी कवच मऊ करते. सेल्फ रेझिंग पीठ घालू नका, त्यातल्या बेकिंग पावडरचे शेकडो बारीक बुडबुडे मोठी पोकळी होऊच देत नाहीत, केकसारखं काहीतरी होतं. आणि इथल्या आपल्या मराठी घरांत चपातीच्या आट्याची मोठी पिशवी असतेच, त्यातलं वापरू का असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, चव छान येते पण कोंड्याचे कण ग्लूटेनचा पडदा फाडतात, त्यामुळे कमी फुगतं. निम्मं निम्मं चालेल. अंड्याशिवाय मात्र होत नाही, कारण पिशवीच राहत नाही.

ओतताना ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवलात की तो भराभर गार होतो, म्हणून मी तो सरळ पेटत्या गॅसवर ठेवते आणि तिथेच पीठ ओतते, चुर्र आवाज आलाच पाहिजे. लांब हात धरा, तेल उडतं. व्हेज किंवा चिकन सॉसेज असेल तर त्यांच्यातून चरबी फारशी सुटत नाही, दोन चमचे तेल जास्त घ्या.

मग दार बंद. २५ मिनिटं उघडायचं नाही. शेजारच्या आजी मला हे इतक्या कळकळीने सांगायच्या की मला ती जुनी समजूत वाटायची, पण कारण पक्कं आहे. पंधराव्या मिनिटाला पीठ पूर्ण वर आलेलं दिसतं, रंगही आलेला असतो, पण भिंती आतून ओल्या आणि लवचिक असतात, त्यांना आतल्या वाफेने उभं धरलेलं असतं. दार उघडलं की गार हवा आत जाते, वाफेचं परत पाणी होतं, आणि १.७ लिटरचा परत १ मिली, भिंत आत कोसळणारच. शेवटची दहा मिनिटं फुगवण्यासाठी नसतात, भिंती सुकवण्यासाठी असतात. २००८ मधे रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या ब्रिटनमधल्या रसायनशास्त्राच्या संस्थेने जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा कमी उंच असेल ते यॉर्कशायर पुडिंगच नाही. सॉसेजेसच्या वजनाने टोड इन द होल मधे तेवढी येत नाही, कडा मात्र येतात.

काढल्यावर लगेच खा, दहा मिनिटांत ते थोडं बसतंच, त्याला इलाज नाही. उरलं तर मायक्रोवेव्हमधे घालू नका, कवच चामड्यासारखं होतं. परत गरम ओव्हनमधे ठेवा, सॉसेज आतपर्यंत कडक गरम होईपर्यंत, कवचात मुरलेलं पाणी निघून जातं आणि कडा पुन्हा कुरकुरीत होतात.