बाप्तिस्म्यातला अग्नी

बाप्तिस्म्यातला अग्नी म्हणजे ख्रिस्ती स्नानसंस्काराला जोडलेलं आगीचं प्रतीक. गंमत अशी की विधी सगळा पाण्याचा, प्रत्यक्ष आग असते ती एका मेणबत्तीपुरती, आणि बऱ्याच चर्चमधे तीही नसते, तरी नव्या करारात पाण्याच्या बाजूला आग येऊन बसलीय आणि ती नक्की कशासाठी यावरून पहिल्या काही शतकांपासूनच मतं फुटलेली आहेत. आपल्याकडे अग्नी म्हटलं की होम किंवा सीतेची अग्निपरीक्षा आठवते, पण इथे आगीत आहुती कोणी देत नाही आणि आगीतून चालतही नाही.

सगळं सुरू होतं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून. यार्देन नदीत लोकांना बुडवून बाप्तिस्मा देताना तो म्हणतो की मी पाण्याने करतो पण माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्याने आणि अग्नीने करील. हे वाक्य मत्तय ३:११ आणि लूक ३:१६ मधे आहे. मार्क आणि योहानाच्या शुभवर्तमानात मात्र फक्त आत्मा, आग गायब. मत्तयमधे या वाक्याच्या आधी आणि नंतर काय आहे ते बघायला पाहिजे, आधी चांगलं फळ न देणारं झाड तोडून आगीत टाकतात आणि नंतर लगेच सूप, खळं, गहू कोठारात आणि भूस न विझणाऱ्या अग्नीत. म्हणजे अलीकडची पलीकडची आग सरळसरळ शिक्षेची, न्यायाची आहे, मग मधलीच तेवढी उबदार कशी? बरेच प्रवचनकार हा भाग पटकन उरकतात असं माझं मत, कारण बाळाच्या बाप्तिस्म्याला भूस जाळायच्या गोष्टी कोण सांगणार.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तेवढाच तगडा. प्रेषितांची कृत्ये १:५ मधे येशू योहानाचं तेच वाक्य परत सांगतो, फक्त आग वगळून, आणि पुढच्याच अध्यायात पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या पन्नासाव्या) दिवशी शिष्यांवर आत्मा उतरतो तो अग्नीसारख्या जिभांच्या रूपात, एकेकावर एकेक, आणि कोणी भाजत नाही. जुन्या करारातलं जळूनही भस्म न होणारं मोशेचं झुडूप आणि रात्री इस्राएल लोकांना वाट दाखवणारा अग्निस्तंभ याच जातीचे. आणि या दोन्हीच्या मधे कुठेतरी जुन्या करारातल्याच मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातला (अध्याय ३) धातू गाळणारा, जो चांदी आगीत धरतो ती जाळायला नाही तर कीट काढायला. मला स्वतःला योहानाच्या वाक्याला हाच अर्थ जास्त लागू पडतो असं वाटतं, कारण यात जाळणं आणि वाचवणं एकाच आगीत होतं. लूक १२:४९-५० मधे येशू म्हणतो मी पृथ्वीवर आग टाकायला आलोय, आणि लगेच म्हणतो मला एक बाप्तिस्मा घ्यायचाय, तो म्हणजे स्वतःचं मरण, तेव्हा आग आणि बाप्तिस्मा तिथेही जोडीनेच आहेत.

सुरुवातीच्या चर्चपित्यांमधे, म्हणजे पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती विचारवंतांमधे, यावर मजेदार फरक दिसतात. दुसऱ्या शतकात जस्टिन सांगतो की येशू यार्देनमधे उतरला तेव्हा पाण्यात आग पेटली, ही गोष्ट शुभवर्तमानात नाही, तिथे कबुतर आहे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर अग्नीची एक नदीच कल्पिली, तिच्यात येशू उभा आहे आणि मेल्यावर स्वर्गाकडे जाणाऱ्याला तो त्यात बाप्तिस्मा देतो, पण अट अशी की इथे पाण्याचा आणि आत्म्याचा आधी झालेला पाहिजे. चौथ्या शतकात बासिल आगीचा अर्थ शेवटच्या न्यायाची कसोटी असा घेतो, तर क्रिसोस्टोमला त्यात कृपेचा जोर दिसतो. जेरुसलेमचा सिरिल लोखंडाचा दाखला देतो, आग लोखंडात शिरून त्याला आगीसारखंच करते तसा आत्मा माणसात शिरतो. सिरियन कवी एफ्रेम (मृत्यू ३७३) सगळ्यात पुढे, त्याला मरियेच्या उदरात, नदीत, बाप्तिस्म्यात आणि प्रभुभोजनाच्या भाकरी-प्याल्यात सगळीकडे अग्नी आणि आत्माच दिसतो.

काही पंथांनी हे शब्दशः घेतलं. दुसऱ्या शतकातल्या कार्पोक्रेटियन पंथाचे लोक उजव्या कानाच्या पाळीला मागच्या बाजूने डाग देत असं त्यांचा विरोधक बिशप इरेनियस सांगतो, आणि एका जुन्या लेखात काही जण बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यावर आग दाखवायचे अशी तक्रार आहे (हातचलाखी असणार, लिहिणाऱ्यालाही तोच संशय होता). मध्ययुगात दक्षिण फ्रान्सच्या कॅथार पंथाच्या लोकांनी पाण्याचा बाप्तिस्मा नाकारला आणि डोक्यावर हात ठेवून देतात तो आत्म्याचा बाप्तिस्माच खरा असं धरलं. त्यांचे दोनशेच्या वर लोक १२४४ मधे माँसेगूरच्या किल्ल्यापाशी पाखंडी म्हणून जिवंत जाळले गेले.

मुख्य चर्चमधे आग आली ती उजेड म्हणून. जुन्या काळी बाप्तिस्म्याला ‘प्रकाशन’ असंही म्हणत, त्यामुळे दिवा साहजिकच. कॅथलिक लोकांत ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती लावतात, तिच्यावर क्रूस, चालू वर्षाचे आकडे आणि धुपाचे ५ दाणे असतात, आणि मग बाप्तिस्म्याचं पाणी आशीर्वादित करताना ती मेणबत्ती पाण्यात एकदा किंवा तीनदा बुडवता येते. वर्षभर कोणाचाही बाप्तिस्मा असला की छोटी मेणबत्ती याच मोठीवरून लावून आईवडील किंवा धर्मपित्याच्या हातात देतात, आणि त्याच माणसाच्या अंत्यविधीला हीच मोठी मेणबत्ती शवपेटीजवळ ठेवतात. मधली अनेक शतकं हा ईस्टरचा जागरणविधी शनिवारी सकाळीच उरकत असत, म्हणजे भर उजेडात उजेडाचा विधी! १९५१ मधे पोप पायस बाराव्याने तो परत रात्री आणायची परवानगी दिली. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५२३ च्या बाप्तिस्मा विधीत मेणबत्ती ठेवली होती, १५२६ च्या सुधारलेल्या विधीत काढून टाकली. केरळात सिरियन ख्रिश्चनांचा दनहा हा येशूच्या बाप्तिस्म्याचा सण जानेवारीत येतो तेव्हा केळीचा खांब रोवून त्यावर दिवे लावतात.

पण मेणबत्तीवर समाधान न होणारे लोक नेहमीच राहिले. अमेरिकेत बेंजामिन हार्डिन अर्विन नावाच्या प्रचारकाने १८९५ च्या सुमारास शिकवायला सुरुवात केली की तारण आणि पवित्रीकरण झाल्यावर अग्नीचा बाप्तिस्मा हा तिसरा वेगळा अनुभव असतो, आणि त्यावर न थांबता त्याने पुढचे डायनामाइट वगैरे नावांचेही बाप्तिस्मे काढले. १९०० मधे त्याला आपल्याच संघटनेचं प्रमुखपद सोडावं लागलं.

आणि मग केडगाव. पुणे जिल्ह्यातल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधे १९०५ मधे जे झालं ते या विषयातलं महाराष्ट्राचं स्वतःचं पान आहे. रमाबाईंनी पाण्याचा बाप्तिस्मा १८८३ मधे इंग्लंडमधे वाँटेजला घेतला होता, मनाला पटणारा अनुभव त्यांना बऱ्याच वर्षांनी आला असं त्या स्वतः लिहितात. वेल्समधे १९०४ ला सुरू झालेल्या संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटेच्या बातम्या आल्यावर मुक्तीतल्या बायकामुली रोज जमून प्रार्थना करू लागल्या, आणि जूनच्या शेवटी एका रात्री एका मुलीच्या अंगावर दुसरीला आग दिसली, ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, ओतणार तेवढ्यात कळलं की मुलगी जळत नाहीये. पुढचे कित्येक दिवस मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या आणि आतून जळतंय असं सांगत होत्या. लक्षात घ्या, आधी जळणं आणि पश्चात्ताप, मग आनंद आणि गाणी, म्हणजे मलाखीचीच आग. तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मधे याच विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत चिलीमधे वालपराइसोला हूवर नावाच्या मेथडिस्ट पाळकाच्या बायकोला पाठवली, ती त्यांची जुनी मैत्रीण. हूवर दांपत्याने ती वाचली, तिथल्या मंडळीत १९०९ मधे तसंच सुरू झालं, मेथडिस्ट वरिष्ठांना ते रुचलं नाही, आणि १९१० मधे हूवर बाहेर पडून चिलीची वेगळी पेंटेकॉस्टल (आत्म्याच्या बाप्तिस्म्याच्या अनुभवावर भर देणारी) चळवळ उभी राहिली.